पंचमीला चिरलेला हात

विंझरला दवाखाना थाटून मला अकरा वर्षं झाली होती. माझा स्वभाव तापट, हे पंचक्रोशीला ठाऊक. लोक आधी देवऋषी करणार, मग पाल्याचे लेप लावणार आणि पार हाताबाहेर गेलं की माझ्याकडे येणार. मग तापणार नाही तर काय करणार? म्हणून चव्वेचाळीस सालच्या नागपंचमीला मार्गासनीची भामा पाच-सहा तासांच्या आत माझ्या दारात पोचली, तेव्हा मला खरं तर बरं वाटलं होतं.

तिला बैलगाडीत घालून आणलं होतं तिच्या सासूनं, धोंडाबाईनं. पहाटे वारुळाकडे जाताना पावसानं भिजलेल्या बांधाचा दगड निसटला आणि भामाचा डावा हात त्याखाली सापडला. चार माणसं जमून दगड हलवेपर्यंत बराच वेळ गेला. हाड मोडलं नव्हतं. पण पंजा फुगून लाकडासारखा टणक झाला होता, आणि सणासाठी आदल्याच दिवशी कासारणीकडून भरलेल्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

नाडी लागत होती. नवखा डॉक्टर नेमका तिथंच फसतो. मी तिची आखडलेली बोटं जराशी सरळ करायला गेलो, तशी ती गुरासारखी ओरडली. वरून दिसणाऱ्या जखमेच्या मानानं ते दुखणं फार होतं, आणि त्याचा अर्थ एकच. सूज आत कोंडली होती, स्नायूंना रक्त मिळत नव्हतं. कातडी आणि तिच्याखालचा चिवट पडदा चिरून वाट मोकळी केली नाही, तर दिवस कलायच्या आत पंजा मेला असता. मग जन्मभर पक्ष्याच्या नख्यांसारखी वाळकी बोटं.

धोंडाबाईचं म्हणणं, आज पंचमी. आज घरात भाजीसुद्धा चिरत नाहीत, कुणी जमीन खणत नाही. उद्या उजाडताच चिरा की, आम्ही इथंच थांबतो. उद्या चिरायला हात कुठं उरणार आहे, असं मी तिला चांगलंच सुनावलं.

भामाचं म्हणणं निराळंच होतं. तिचा नवरा कुंडलिक पलटणीत, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. लग्नानंतर चार महिने घरात राहिला तेवढाच, आणि आता शिमग्यापासून पत्र नव्हतं. पोस्टमन दिसला की ही बांधावर येऊन उभी राहायची, हे सगळ्या वाटेला माहीत होतं.

"त्यांनी धरलाय हात," ती म्हणाली. "दगड काढला तवा धरला. लई घट. सोडवू नका, डाक्तर."

दुखणं असह्य झालं की माणूस काहीही बोलतं. मी पंजा खिडकीच्या उजेडात धरला. पंजाच्या पाठीवर शेजारीशेजारी तीन लांबट खळगे होते, आणि तळव्याच्या बाजूला एक रुंद. दगडाच्या कडा लागल्या असतील, मी म्हणालो. धोंडाबाई वाकून पाहत होती. तिनं ते खळगे बोटांवर मोजले.

"आमच्या कुंडलिकला करंगळी न्हाई," ती म्हणाली. लहानपणी विळ्यानं गेली होती.

कंपाउंडर रखमाजी माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी त्याच्यावर खेकसलो आणि क्लोरोफॉर्मची बाटली आणायला सांगितली.

बांगड्या पकडीनं फोडल्या. पंजाच्या पाठीवर दोन लांब चिरा दिल्या. आतला काळपट स्नायू उसळून वर आला आणि पाहता पाहता गुलाबी झाला. तो रंग पाहण्यासाठीच मी डॉक्टर झालो, असं मला दरवेळी वाटतं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती; वहीत तशी नोंद केली. खळगे भरून आले होते. सूज उतरली की भरणारच.

भामा शुद्धीवर आली. तिनं हाताकडे पाहिलंही नाही.

"सुटला," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून रडत राहिली.

हात वाचला. दिवाळीत ती त्याच हातानं भाकरी थापत होती. भोरला गेलो की मी चारचौघांत त्या हाताची गोष्ट सांगायचो. फुशारकीच ती.

कार्तिकात सासू-सून पुन्हा आल्या. सोबत त्यांच्याच गावचा गेनबा होता, कुंडलिकच्या पलटणीतला. पाय जायबंदी होऊन घरी परतला होता आणि जखम चिघळली होती. मी पट्टी सोडत असताना त्यानंच सगळं सांगितलं. पंचमीच्या दिवशी दरड खंदकावर आली आणि कुंडलिक गाडला गेला. तिथी पक्की लक्षात होती, कारण त्या दिवशी खणायला गेनबाचे हात धजत नव्हते. मातीखालून कुंडलिकचा आवाज येत होता.

"म्हनत व्हता, सावकाश खना. घरचीनं हात धरलाय, तवर मला कायबी हुत न्हाई."

"मग?"

"दुपारपातुर बोलत व्हता. मग 'सुटला' म्हनला. त्यो शेवटचा."

मी वेळ विचारायला नको होती. पण विचारली.

"बारा वाजून गेलं असतील. नुकतीच जेवनाची शिट्टी झालती."

मी वही उघडली नाही.

भामानं पदराखालून डावा हात पुढं केला. दोन्ही वण स्वच्छ भरले होते.

"परत बांधा," ती म्हणाली. "तवाच्यावानी घट."

सगळ्यांवर ओरडणारा मी. त्या दिवशी रखमाजीकडून पट्टी मागून घेतली. तिचं समाधान म्हणून ती पंजाभोवती गुंडाळली, माझी दोन बोटं आत जातील इतकी सैल. भामा बाकावर डोळे मिटून बसली.

गेनबाची जखम धुऊन मी वळलो. पट्टी तशीच सैल होती. तिच्याबाहेरची बोटं आखडत चालली होती. नखं निळी पडली होती.

मी पट्टी सोडली. तीन खळगे शेजारीशेजारी. तळव्याकडून एक. माझ्यादेखत ते खोल जात होते.

चाकू ट्रेमध्ये होता. मी रखमाजीला दार लोटून घ्यायला सांगितलं आणि भामासमोर बसलो.

"दुखतंय का?"

"लई," ती म्हणाली, आणि पंचमीनंतर पहिल्यांदाच हसली.