हाताएवढी जागा

यातला एक शब्दही पदरचा नाही. पटत नसेल तर नल्लकुंट्याला या, गीताला विचारा. चहा मिळेल. टॅबलेट मात्र ती उघडून दाखवणार नाही.

साल २०१२. मे महिना. दुपारचे तीन. भुतं रात्रीच येतात असं मानणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

गीताचं काम ई-बुकं तयार करायचं. माधापूरच्या कंपनीत परदेशी पुस्तकं ती डझनानं मार्गी लावायची. घरची एक वही मात्र दाद देईना.

वडिलांच्या, किशनरावांच्या कवितांची वही.

तिच्यात ओळींच्या मधोमध मोकळी जागा होती. ते लिहायला बसले की थोरली प्रियदर्शिनी कागदावर पंजा ठेवायची.

"हात काढ गं, बाळ."

ती काढायची नाही. मग ते हाताच्या अलीकडे अर्धी ओळ लिहायचे, पलीकडे उरलेली.

पाचव्या वर्षी ती तापानं गेली. गीता तेव्हा जन्मलीही नव्हती. फोटो एकही नाही. त्या जागा तेवढ्या उरल्या.

आता आईची, सरुबाईंची नजर चालली होती. डॉक्टर म्हणाले, फार तर महिना. वहीतलं बारीक अक्षर दिसेना. टॅबलेटवर मोठं करून तिला सगळं एकदा वाचायचं होतं.

"पण माझ्या लेकराची जागा हलवू नको, माय."

जागा राहीचना. दहा स्पेस दिल्या तर ई-बुक नऊ गिळायचं. गीतानं जागा कोडनं पक्की केली, तर अक्षर मोठं करताच ओळ तुटायची. पानाचा फोटो घातला, तर मोठा केल्यावर सगळं धुरकट.

ऑफिसातला रितेश फोनवर म्हणाला, "लाइट लो, अक्का, एवढं मनावर घेऊ नका. एक स्पेस द्या. कोण बघतंय?"

सव्विसावी फाईलही फसली.

"झालं का गं?" आईनं पलंगावरून विचारलं. "आज खिडकी पण दिसंना."

गीताला रडू फुटलं. टॅबलेटच्या काचेवर कपाळ टेकून ती म्हणाली, "ताई, ठेव ना गं हात... एकदाच."

कूलरचा आवाज थांबला...

कूलर चालूच होता. आवाज तेवढा नव्हता.

मग काचेवर... टप्.

अक्षरं दोन्हीकडे सरकली. मधे जागा झाली. गीतानं अक्षर मोठं केलं. जागा तिथेच. आणखी मोठं केलं.

तिथेच.

आईनं सगळं वाचलं. प्रत्येक जागेपाशी थांबत. शेवटी तिनं आपली चार बोटं त्या जागेत ठेवली. दोन्हीकडे जागा उरली...

"केवढा झाला गं तिचा हात!" आई हसली. "आणि काच ऊन ऊन लागतीय."

आठवड्यानं आईची नजर गेली.

गीतानं फाईल पुन्हा उघडली. जागा वाढली होती. पुढच्या खेपेला दोन ओळी झाकलेल्या. तिनं घाबरून वही काढली.

वहीतही...

आई अजून रोज दुपारी म्हणते, "बाबांचं वाच गं." गीता आठवेल तेवढं म्हणते, आठवत नाही तिथं थांबते. आईला वाटतं, जागा आली.

"ताई, हात काढ ना," गीतानं कितीदा विनवलं.

पण जी बापाचं ऐकून हात काढायची नाही, ती न पाहिलेल्या बहिणीचं कशाला ऐकेल?