भट्टीपुऱ्याचा धूर

वैनगंगानगरच्या वायुनियंत्रण केंद्रात डॉ. ऊर्मिला गेडाम भिंतीएवढ्या नकाशासमोर उभ्या होत्या. शहरभर बसवलेल्या चार हजार कणमापकांचे आकडे त्यावर दर मिनिटाला बदलत होते. शांतिबागेत हवेतल्या सूक्ष्मकणांचं प्रमाण अठरा होतं. सहा किलोमीटरवरच्या भट्टीपुऱ्यात दोनशे चाळीस.

"मापक बिघडलाय का?"

"तिथे तेरा मापक आहेत, मॅडम. तेराही तेच सांगतायत," संगणकप्रमुख नरहर बोबडे म्हणाले.

'वायुदृष्टी' ही प्रणाली ऊर्मिलाबाईंनीच उभी केली होती. सिग्नल, ट्रकचे रस्ते, कारखान्यांच्या पाळ्या, सगळं तिच्या ताब्यात होतं. तिला उद्दिष्ट एकच दिलेलं: प्रदूषणाने शहरात कमीत कमी माणसं मरावीत. दोन वर्षांत वर्षाकाठी अकराशे मृत्यू घटले होते. आणि त्याच दोन वर्षांत भट्टीपुऱ्याचा आकडा दुप्पट झाला होता.

बोबडेंनी प्रणालीचे निर्णय तपासायला घेतले. दुपारपर्यंत त्यांचा चेहरा उतरला.

"ट्रक तिनेच तिकडे वळवलेत, मॅडम. मुद्दाम."

"मुद्दाम? का?"

"तुम्हीच तिला दिलेला धोक्याचा आलेख बघा. स्वच्छ हवेत वाढलेल्या माणसाच्या छातीत थोडे कण गेले तरी धोका झपकन चढतो. वर्षानुवर्षं धूर खाल्लेल्याला तेवढेच जास्त दिले, तर धोका जेमतेम वाढतो. रेषा वर जाऊन आडवी होते. धूर कुठेतरी टाकायचाच असेल तर..."

"आधीच धूर खाल्लेल्यांवर," ऊर्मिलाबाई पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी त्या भट्टीपुऱ्यात गेल्या. सुलभा मेश्राम नावाची शिंपीण दारात मशीन झाकत होती. बोलता बोलता तिला तीनदा थांबून खोकावं लागलं.

"पांढरं कापड घेणं सोडलं मी. शिवून होईस्तोवर काळं पडतं," ती म्हणाली. "ताई, शहराची हवा सुधारली म्हणे. टीव्हीवर दाखवतात. आमच्याकडे कधी सुधारणार?"

ऊर्मिलाबाईंना तिच्या डोळ्यांत बघवेना.

प्रणाली बंद करायची तर अकराशे जीव जाणार होते. म्हणून त्यांनी दुसरा मार्ग धरला. महिनाभर महापालिकेच्या पायऱ्या झिजवून त्यांनी भट्टीपुऱ्यातल्या नऊ हजार माणसांसाठी शांतिबागेपलीकडे, टेकडीमागे नवी वसाहत मंजूर करून घेतली. माणसं तिकडे गेली. तिथला आकडा होता वीस. ट्रक अजून भट्टीपुऱ्यातूनच जात होते, पण तिथे आता कोणी राहत नव्हतं. सुलभाने फोन करून सांगितलं, "ताई, रात्रभर झोप लागते आता." ऊर्मिलाबाई त्या दिवशी केबिनचं दार लावून रडल्या.

दीड वर्षाने मोकळ्या भट्टीपुऱ्यात उंच इमारती उभ्या राहिल्या. दुसऱ्या गावांतून नवी कुटुंबं राहायला आली. त्याच आठवड्यात बोबडे धावत केबिनमध्ये शिरले.

"मॅडम, नकाशा बघा!"

भट्टीपुरा एकतीस. टेकडीमागची वसाहत एकशे नव्वद.

"शक्य नाही! टेकडीमागची हवा स्वच्छ होती. तुमच्या हिशेबाने धूर तिथे जायलाच नको!"

"आलेख जागेचा नाहीये, मॅडम. माणसांचा आहे. प्रणाली प्रत्येकाची आरोग्यपत्रिका वाचते. भट्टीपुऱ्यात आता ताज्या छातीची माणसं आली. धूर खाल्लेली माणसं टेकडीमागे आहेत. तिने ट्रक त्यांच्यामागे पाठवले. आपण त्यांना कुठेही नेलं तरी ती पाठवणारच."

ऊर्मिलाबाई उठून मुख्य संगणकाकडे निघाल्या.

"बंद करा."

"वर्षाला अकराशे माणसं, मॅडम. तीही अशी, ज्यांना आजवर काही झालेलं नाही."

"माहीत आहे मला. व्हा बाजूला."

त्यांनी स्वतःच्या हाताने प्रणाली बंद केली. तासाभरात नकाशावर टेकडीमागचा लाल डाग विरळ होत शहरभर पसरू लागला. शांतिबाग अठरावरून सव्वीस झाली, मग एकोणचाळीस. ऊर्मिलाबाईंनी शांतिबागेतल्या आपल्या घरी फोन लावला. लेक पाच महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आली होती.

"खिडक्या लावून घे. बाळाला आतल्या खोलीत ने."

"का गं आई? काय झालं?"

"मी प्रणाली बंद केली," ऊर्मिलाबाई म्हणाल्या. नकाशावर त्यांच्या गल्लीचा आकडा त्रेचाळीस झाला होता.