मेणाने बुजवलेला दाणा

म्हातारीला रानकोंबडा हवा होता, आणि तोही डोंगरातला, लांब शेपटीचा! तापाने अंथरूण धरल्यापासून तिने अन्नाला शिवणंच सोडलं होतं. खुराड्यातली कोंबडी शिजवून सून ओकबुन वाडगा घेऊन आली, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग एका संध्याकाळी स्वतःहून म्हणाली, रानकोंबड्याचे मांडू करा, हाडांसकट बारीक कुटून, तेवढे खाईन. कुट्टूच्या पिठाच्या पारीत ते सारण भरायचं आणि त्याच पाखराच्या रश्श्यात सोडायचं, ही गांगवॉनच्या डोंगराळ मुलखातली हिवाळ्याची मेजवानी. तिच्या लेकाने, चांगसोकने, ऐकलं आणि तो तडक आपल्या शिकारी ससाणीकडे गेला. आईच्या पोटात चार घास गेले नाहीत तर ती हा हिवाळा काढत नाही, हे सांगायला त्याला वैद्य लागत नव्हता.

दुसऱ्या सकाळी त्याच्याबरोबर हाकारे घालायला दोघे निघाले. एक शेजारचा तोकबे, तोंडाचा पट्टा कधी न थांबणारा. दुसरा ओकबुनचा धाकटा भाऊ मुनगिल. हा मात्र आज गप्प. अर्ध्या चढावर तो म्हणाला, वारा वाईट सुटलाय, परत फिरू. त्यावर तोकबेने त्याला भरपूर चिडवलं, की घरची ऊबदार गादी सोडवत नाही वाटतं! मुनगिल हसलासुद्धा नाही.

चांगसोक हातावर ससाणी घेऊन कड्यावर उभा राहिला. खाली दोघे काठ्या आपटत, ओरडत झुडपं झोडू लागले. बर्फावर कडक साय धरली होती. प्रत्येक पावलाला पाय गुडघ्यापर्यंत आत जाई आणि उपसून काढताना नडग्या सोलवटून निघत. एक झुडूप झालं, दुसरं झालं. पाखराचा पत्ता नाही. हात बधिर झाले, आवाज बसले आणि तोकबेचे विनोदही संपले.

आणि फडफड झाली! लाल गालांचा मोठा नर उडाला!

पण उडणं कसलं ते? झिंगल्यासारखा भेलकांडत तो दरीवरून गेला. चांगसोकने हात झटकला. ससाणी सुटली. तिच्या शेपटीचं घुंगरू एकदा खणाणलं, पलीकडच्या उतारावर दोन्ही पाखरं एक होऊन कोसळली आणि सगळं शांत झालं.

शिकार झाली होती, पण मधे दरी! तिच्या तळाशी गोठलेला ओढा. तोकबे पुढे झाला, म्हणाला मी हलका आहे. अर्ध्यात बर्फ कडाडलं आणि तो कमरेपर्यंत पाण्यात गेला! चांगसोक पालथा पडला, काठी पुढे सारली. मुनगिलने चांगसोकचे पाय धरले. ओढ! अजून ओढ! कसाबसा तोकबे वर आला, दात वाजत होते, विजार अंगावर लाकडासारखी ताठ झाली होती. त्याला परत पाठवतो म्हटलं तर म्हणाला, मांडू खाल्ल्याशिवाय मी मरत नसतो. तिघे चढू लागले. वर कुट्टूची उजाड शेतं होती. घुंगरू अजून वाजत नव्हतं. चांगसोकने पाय उचलले.

ससाणी शिकारीवरच होती. पंख पसरलेले, चोच रक्ताने माखलेली. शिकारीच्या गळ्यातला पहिला घास तिचा, हा रिवाज. तो तिने घेतला होता. चांगसोकने हाक मारली. मग हात लावला. मान लुळी लोंबली. मेली होती! अंगावर ओरखडासुद्धा नाही आणि मेली होती! स्वतःच्या हाताने चारून, रात्र-रात्र खांद्यावर जागवून माणसाळवलेलं पाखरू. तो बर्फात बसूनच राहिला.

तोकबे हळूच म्हणाला, झालं ते वाईट झालं, पण कोंबडा तरी घरी नेऊ, म्हातारी वाट बघतेय. त्याने पाखरू उचललंही. चांगसोकला काय वाटलं कोण जाणे, त्याने ते हिसकावलं आणि सुरीने गळ्याची पिशवी फाडली. गवताचं बी निघालं, आणि एक सोयाबीनचा दाणा. दाण्याला भोक पाडलेलं होतं आणि भोक मेणाने बुजवलेलं.

विष! गावात कुणी रानकोंबडे मारायला असले दाणे टाकले की चांगसोक त्याच्या दारात जाऊन भांडायचा. त्याने मान वर केली तर मुनगिल गुडघ्यांवर कोसळला होता.

"दाजी, मी टाकले. इकडे, या बाजूला. तुम्ही इकडे येणार नाही वाटलं होतं."

"का टाकलेस?"

"ससाणी रिकामी परतली तर म्हातारी उपाशी राहील म्हणून." मग त्याचा आवाज अगदीच खाली गेला. "दाजी, एक सापडला होता. पहाटे. तुम्ही पुढे निघाल्यावर ताईला देऊन आलोय. फाशात मिळाला म्हणून सांगितलंय."

चांगसोकला क्षणभर अर्थच लागला नाही. मग लागला: तो कोंबडा आत्ता घरी शिजत होता. मुनगिल भडाभडा बोलत होता, की पिशवी काढली, आतडी काढली, स्वच्छ धुतला, सगळं गाव असंच खातं, कुणाला काही होत नाही!

"सापडला तेव्हा ऊन होता की ताठ?"

"ताठ होता."

म्हणजे विष अंगभर मुरलेलं! चांगसोक उठला आणि पळत सुटला. वाटेने गेलं तर वळसा पडतो. सरळ उतरते ती लाकडं घसरवायची घळ, आणि हिवाळ्यात तिथे कुणी पाऊल घालत नाही. त्याने अंग झोकून दिलं! बर्फ, दगड, पुन्हा बर्फ. बुंध्यावर खांदा आपटला. हाड मोडलं की काय? उठला. पुन्हा घसरला. मागून दोघे गडगडत येत होते. खाली घराच्या स्वयंपाकघरातून वाफ निघताना दिसली आणि त्याने ओरडायला तोंड उघडलं. हाकाऱ्यांनी बसलेला आवाज बाहेर पडेना.

अंगणात त्याची पावलं वाजली. म्हातारी तेवढ्याचीच वाट बघत थांबली होती. लेक थंडीत उपाशी असताना तिला घास जाणार नव्हता. पावलं ऐकून तिने समाधानाने चमचा उचलला.

दार उघडलं तेव्हा मांडू तिच्या ओठांशी होता. चांगसोकने झेप घेतली आणि आईच्या हातावर फटका मारला! चमचा उडाला, वाडगा उपडा झाला, रस्सा गादीवर सांडला. जन्मात त्याने आईसमोर आवाज चढवला नव्हता. ओकबुन किंचाळली. तिचे खांदे धरून त्याने विचारलं, तू चाखलंस का?

"आईंच्या आधी मी कशी चाखेन?" ती रडतच म्हणाली.

तेव्हा कुठे तो भिंतीला टेकला. आठवडाभर अंथरुणातून न उठलेली म्हातारी रागाने उठली आणि तिने लेकाच्या थोबाडीत दिली. मग मुनगिल उंबऱ्यावर पालथा पडला आणि सगळं सांगून मोकळा झाला. ओकबुनने ऐकता ऐकता पातेलं चुलीवरून उतरवलं आणि ते कुठे ठेवावं हेच तिला सुचेना. म्हातारीने सांडलेल्या रश्श्याकडे पाहिलं. आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून तोकबेनेसुद्धा मान खाली घातली.

"दाणे किती टाकलेस?" तिने विचारलं.

मुनगिलने वर पाहिलं. "मोजले नाहीत, आजी."

त्या उतारावर गावातली पोरं काटक्या वेचायला जातात, शेळ्या जातात, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. म्हातारीने सुनेकडे हात पुढे केला आणि दाणे वेचायला जायचं म्हणून आपले जाड मोजे मागितले.