डाव्या पायाचं माप

बर्फावर उतरायला दहा मिनिटं उरली होती आणि माझ्या डाव्या बुटाची लेस हातातच तुटली. रिंकचा जिना उतरलं की लगेच स्केटिंगच्या सामानाचं एक चिंचोळं दुकान होतं. बूट हातात घेऊन मी मोज्यांवरच तिथे धावत गेले.

"लेस! लवकर!"

काउंटरमागे एक तरुण ब्लेडला धार लावत होता. त्याने यंत्र बंद केलं, गॉगल कपाळावर सरकवला आणि आधी माझ्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं, मग बुटाकडे.

"लेस देतो, ताई. पण बुटात काही राम राहिला नाही. घोट्यापाशी बघा... मोडलाय. यात उडी मारलीत तर पाय मुरगळेल."

"ताई काय? तुम्हीच माझ्यापेक्षा मोठे दिसता!"

"मग काय म्हणू?"

"मला उशीर होतोय हो!"

"बरं, घाईबाई." त्याने लेस पुढे केली. चेहरा अगदी गंभीर, पण डोळे हसत होते.

मला राग यायला हवा होता. पण त्या दिवशी सरावात मी तीनदा पडले आणि तिन्ही वेळा हसतच उठले.

संध्याकाळी पुन्हा गेले. नवे बूट बघायला, असं स्वतःला बजावत. पाच आठवड्यांनी वरच्या गटाची निवड चाचणी होती, आणि जुन्या बुटांत ती द्यायची म्हणजे हात-पाय मोडून घेणंच होतं.

त्याने जमिनीवर कागद पसरला. मी स्टुलावर बसून त्यावर पाय ठेवला.

"उभ्या राहा."

"बसून नाही का चालत?"

"बसून मोजलेला पाय खोटं बोलतो. अंगाचा भार आला की खरा आकार कळतो."

मी उभी राहिले. तो गुडघ्यावर बसून माझ्या पायाभोवती पेन्सिल फिरवू लागला. तळव्याच्या खोबणीपाशी पेन्सिल आली, आणि मी पाय मागे ओढला.

"हलू नका."

"तुम्ही गुदगुल्या करू नका. झालं का, मोजणीसाहेब?"

"होतंय. जमीन जरा डळमळीत आहे." त्याने दोन्ही आकृत्यांवर पट्टी ठेवली. "डावा साडेपाच, उजवा सहा."

"म्हणजे माझ्यात खोट आहे?"

"खोट कसली? असा नग सहज मिळत नाही." मग त्याने अंगठा माझ्या डाव्या घोट्यावर ठेवला. "आणि हे हाड जरा बाहेर आहे. इथेच घासतं ना?"

सात वर्षं तिथेच घासत होतं. आजवर कोणी विचारलं नव्हतं.

तो समजावून सांगू लागला. एक कंपनी दोन वेगळ्या मापांची जोडी बनवून देते. चार आठवडे लागतात. किंमत त्याने त्या कागदाच्या कडेला लिहून दाखवली. मात्र परत घेत नाही, कारण तशी जोडी दुसऱ्या कोणाला येणार?

"लोक इथे येऊन माप घेतात आणि बूट परदेशातून मागवतात," तो हसत म्हणाला. "आम्ही म्हणजे फुकटचा आरसा. बाबा होते तेव्हा या स्टुलासाठी रांग लागायची." मीही हसले. "मग... तुमची जोडी मागवू?"

त्याचा अंगठा अजून माझ्या घोट्यावरच होता.

"मागवा."

"नक्की?"

"नक्की. आगाऊ काही...?"

"तुमच्याकडून? एका पायावर लंगडत तुम्ही पळून किती लांब जाणार!"

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा नोकरीला परदेशी.

"अगं, इथे सेल लागलाय. चांगल्यातला बूट, निम्म्या किमतीत. दहा दिवसांत तुझ्या हातात. फक्त नंबर सांग."

आईने शिलाई मशीन थांबवलं. माझ्या रिंकच्या फीपायी ती शेजारणींचे कपडे शिवत होती, आणि तिच्या मांडीवर त्या वेळीही कोणाची तरी फुलाफुलांची बाही होती.

"सहा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले ती 'जोडी नको' असं सांगायलाच. तर त्याने माझ्यासाठी हीटरजवळ स्टूल मांडून ठेवलं होतं.

"ऑर्डर जाणार होती ना... ती गेली का हो?" मी विचारलं.

"उद्या सकाळी पाठवतो. का? रंग बदलायचाय?"

एवढी सोपी वाट होती. एक शब्द, तोही दोन अक्षरांचा.

"नाही... सहज विचारलं."

मग मी रोज जाऊ लागले. ब्लेडला दोन कडा असतात आणि मधे बारीक खोबण असते, हे त्याने मला बोट धरून दाखवलं. "तोल त्या दोन कडांमधे असतो. कुठे राहायचं ते एकदा ठरवावं लागतं." मी मान डोलावली... आणि त्याच्या बोटांवरची धातूची बारीक पूड बघत राहिले. एकदा त्याने माझ्या केसात अडकलेला बर्फाचा चुरा उचलला आणि तो विरघळेपर्यंत तळहातावर धरून ठेवला. उद्या सांगू, असं मी रोज ठरवत होते.

परदेशी बूट आले. उजवा छान बसला. डाव्यात टाच वर-खाली होई, आणि घोट्याचं हाड भलतीकडेच घासे. दोन मोजे घातले, कापूस कोंबला. आठवड्यात फोड फुटून मोजा लाल झाला. ते बूट दुरुस्त करू शकेल असा गावात एकच माणूस होता.

मी पिशवी काउंटरवर ठेवली.

"मैत्रिणीचे आहेत. तिला... घोट्याला लागतं म्हणे."

त्याने बूट बाहेर काढले. बराच वेळ पाहिले. कोणत्या पायाला, हे त्याने विचारलं नाही. डावा उचलला, उजव्याला हातही लावला नाही. कातडं गरम केलं, आणि नेमकं जिथे माझं हाड आहे तिथे यंत्राचा गोळा लावून बाहेरच्या बाजूला दाबलं. मग टाचेत नमद्याची जाड, लोकरी पट्टी चिकटवली. काम झाल्यावर पिशवी माझ्याकडे सरकवली.

"मैत्रिणीला सांगा, आता लागणार नाही."

खरंच लागलं नाही. चाचणीत एकदाही पाय घसरला नाही, निवड झाली. आई रडली. पण चाचणी होईपर्यंत मला त्या दुकानात पाऊल ठेवायचा धीर झाला नव्हता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गेले.

फळ्या रिकाम्या होत्या. कोपऱ्यात खोकी दोरीने बांधून ठेवलेली.

"बंद करताय?"

"महिनाअखेर. बसा. तुमची जोडी आलीय."

"कधी?"

"पाच दिवस झाले."

"निरोप नाही पाठवलात..."

"तुमच्याकडे बूट होते."

त्याने गुडघ्यावर बसून बूट माझ्या पायात चढवले. ब्लेड बसवलेले, धार लावलेली. डाव्यात पाय असा गेला, जणू तिथेच वाढला होता. मी उभी राहिले आणि मला रडूच फुटलं.

"ते मैत्रिणीचे नव्हते."

"माहीत आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो. तो बूट दुरुस्त होईपर्यंत."

"मला भीती वाटली. नको म्हटलं तर इथे यायला कारण उरणार नाही असं... मला तुम्ही आवडता हो. पहिल्या दिवसापासून."

तो खाली बघत लेसची टोकं सारखी करत राहिला.

"मलाही तुम्ही आवडत होतात," तो म्हणाला. "नको म्हणाला असतात तर काय झालं असतं? 'नको' ऐकायची दुकानदाराला सवय असते. पण तुम्ही समोर बसून मैत्रीण उभी केलीत. आता तुमचं कुठलंही 'हो' मी कशावरून खरं मानू? त्याला माप नाही माझ्याकडे."

"पुन्हा नाही असं होणार. खरंच..."

"बूट घेऊन जा. दहा मुलींना घालून पाहिले. एकीला डावा येतो, तर दुसरीला उजवा."

"आणि किंमत?"

"ठरली होती तेवढीच."

आजवर दुकानातून निघताना माझ्या जुन्या बुटांची लेस प्रत्येक वेळी तोच बांधायचा. दोन वेढे, एक ताण, मग गाठ... आणि गाठीवर हलकीशी टिचकी. आज त्याने दोन्ही टोकं माझ्या हातात ठेवली.

"बांधा, ताई. सावकाश. काही घाई नाही."

मी बांधू लागले. गाठ काही नीट बसेना. त्याने एकदा पाहिलं, मग उठून धारेच्या यंत्राचा प्लग काढला आणि वायर गुंडाळू लागला.