निकाल सांगू नकोस

"तीन-शून्य! अगं, स्वतःच्या मैदानावर तीन-शून्यने हरले तुझ्या नवऱ्याचे ते लाल शर्टवाले!"

अनुया फोनवर मैत्रिणीशी हसत हसत बोलत होती. सिंगापूरमधल्या बेडोकच्या फूड सेंटरमध्ये सकाळची गर्दी होती, म्हणून आवाज जरा चढलाच होता. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून कुणीतरी कळवळून म्हणालं, "अहो…!"

मराठीत! तिने चमकून पाहिलं. एक तरुण, अंगात विमानतळावरच्या मेन्टेनन्सवाल्यांचा निळा युनिफॉर्म, रात्रपाळी करून आल्यासारखे तारवटलेले डोळे. समोर टोस्ट, अर्धकच्ची अंडी आणि ग्लासाला टेकवून उभा केलेला मोबाईल. मोबाईलवर फुटबॉलची मॅच थांबवलेली. कानातून नुकतेच काढलेले इअरफोन त्याच्या हातात तसेच लोंबत होते.

"तुम्ही… ही मॅच बघत होता?"

"बघणार होतो. नववं मिनिट चालू होतं. काल रात्रीपासून फोन लॉकरमध्ये ठेवला होता, बसमध्ये कुणाशी बोललो नाही. आणि कॉफी ढवळायला म्हणून इअरफोन काढले—"

"अरे देवा. सॉरी हं… तुमचीही टीम लिव्हरपूल का?"

"नाही." तो थांबला, आणि त्या थकलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. "माझी टीम दुसरी. ती जिंकलेली."

"ती कुठलीशी… आटा-लांटा?"

"अतालांता! आटा काय? बर्गामो गावाची टीम आहे ती. इटलीतली."

"मग तर मी तुम्हाला चांगली बातमीच दिली!"

"दिली ना. आता उरलेली एक्क्याऐंशी मिनिटं मी काय करू?"

"टोस्ट खा," अनुया म्हणाली, "गार होतोय."

तो मोठ्याने हसला. मग खुर्ची तिच्या बाजूला जराशी सरकवून म्हणाला, "शिक्षा म्हणून पहिला गोल तरी बघा माझ्याबरोबर."

तिची बस वीस मिनिटांनी होती. तिने दोन सोडल्या.

त्याचं नाव रुचिर. वडील कापडगिरणीच्या यंत्रांचे इंजिनीअर. त्यांच्या नोकरीमुळे रुचिर चार वर्षांचा असताना कुटुंब बर्गामोला गेलं आणि तो पंधरा वर्षांचा होईपर्यंत तिथेच राहिलं. मग पुणं, आणि आता सिंगापूर. हौगांगला एका फ्लॅटमध्ये खोली, रात्रपाळीला विमानं, आणि सकाळी घरी जाण्याआधी बेडोकला उतरून नाश्ता. का, तर इथल्या कायाच्या, म्हणजे नारळ-अंड्याच्या जॅमच्या, टोस्टसारखा टोस्ट त्याच्या मते हौगांगला मिळत नाही.

तो सन दोन हजार चोवीसचा एप्रिल होता. पुढच्या शुक्रवारी अनुया त्याच टेबलाशी आली तेव्हा खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवून तिची जागा आधीच धरलेली होती.

"ही जागा कुणाची?" तिने मुद्दाम विचारलं.

"जिला निकाल माहीत नाही तिची. माहीत आहे?"

"नाही. बातम्या बघितल्याच नाहीत. ऑफिसच्या ग्रुपचं तोंडही बघितलं नाही."

"मग बसा… बस ना."

असं 'तुम्ही'चं 'तू' झालं. त्या सकाळी अतालांता एक-शून्यने हरली, तरी दोन्ही सामने मिळून पुढे गेली. हरूनही पुढे कसं जातात, हे त्याने चमचे, अंड्याच्या बश्या आणि मिरपुडीची बाटली मांडून समजावलं. अनुयाला ते पहिल्या खेपेतच समजलं होतं. पण त्याची ती लांब बोटं बश्या सरकवत होती, आणि मध्येच तो मान वर करून 'कळलं?' असं डोळ्यांनी विचारत होता… म्हणून तिने आणखी दोनदा विचारलं.

त्याची मतं मात्र ठाम होती.

"गोल करणं काय, कुणालाही आवडतं," तो म्हणायचा. "गोल होऊ न देणं, ही खरी कला. चांगला बचावपटू धावताना दिसतच नाही. तो आधीच तिथे उभा असतो."

"कंटाळवाणं वाटतं बाई मला."

"कंटाळवाणं? अगं, नव्वद मिनिटं एक दार राखायचं म्हणजे खेळ आहे का!"

"दार राखायला माणसं ठेवतात. खेळायचं असतं ते दाराबाहेर पडून." तिने अंड्यावर सोया सॉस ओतला. "आणि तुझी अतालांता कुठे दार राखते? सगळेच पुढे पळतात. मागे कुणी नसतंच!"

रुचिर तिच्याकडे बघत राहिला. "तू खरंच बघतेस की."

"मग काय, तुझ्याकडे बघायला येते वाटतं?"

बोलून गेली आणि तिचे कान तापले. कॉफीच्या स्टॉलवरचे अंकल, स्वतः लिव्हरपूलचे पक्के भक्त, हातातला फडका झटकत मोठ्याने म्हणाले, "आय्या, यू टू! ईट फर्स्ट, टॉक लेटर लाह!"

मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सामना एक-एक सुटला. त्या दिवशी पाऊस धो धो पडत होता आणि कुणालाच निघता येत नव्हतं. अनुयाने सहज विचारलं, "लाइव्ह का नाही रे बघत कधी? रात्रपाळी नसते तेव्हाही निकाल टाळून सकाळीच बघतोस."

त्याने मोबाईल पालथा ठेवला.

"बर्गामोला आमच्या खालच्या मजल्यावर एर्नेस्तो नावाचे आजोबा राहायचे. मिलमधून निवृत्त झालेले. ते आणि त्यांची बायको, लीना आजी. त्यांना मूल नव्हतं. मला पहिल्यांदा स्टेडियमवर त्यांनीच नेलं. वर्ल्डकपची फायनल होती ना, दोन हजार सहाची… चौकात मोठा पडदा लावला होता. पेनल्टी सुरू झाल्या आणि आजोबा पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. म्हणाले, 'माझ्याने बघवत नाही. गोल झाला की माझा हात दाब.' मी दहा वर्षांचा. इटलीच्या पाच पेनल्टी, पाचही गोल. पाच वेळा मी त्यांचा हात दाबला. पाचव्या वेळी इतका, की दुसऱ्या दिवशी त्यांनी मनगटाला पट्टी बांधली होती."

अनुया हसली. तो हसला नाही.

"दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत अतालांताची मिलानला मोठी मॅच होती. अर्धं गाव गेलं होतं, आजोबासुद्धा. चार-एक जिंकलो. तिथून त्यांनी मला फोन केला, आनंदाने ओरडत. मी इथे तेव्हा कामावर होतो. मॅच नंतर बघायची होती. मी म्हणालो, 'निकाल सांगू नका!' आणि फोन कट केला. उद्या बोलू म्हटलं. मग परवा म्हटलं…" त्याने रिकामा कप फिरवला. "मार्चमध्ये कोरोनाने बर्गामोत काय केलं, ते जगाने पाहिलं. आजोबा त्यातच गेले. लीना आजींना मी अजून फोन केलेला नाही. काय सांगणार? शेवटचं बोलणं काय, तर मी त्यांना गप्प केलं. लाइव्ह बघायला बसलो, की त्यांचा तो फोन आठवतो."

पाऊस थांबला होता. दोघंही उठली नाहीत. अनुयाने टेबलावरचा त्याचा हात अलगद धरला, आणि बस यायच्या वेळेपर्यंत धरून ठेवला.

त्या दिवशी तिला त्याला एक सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. ते तिने पुढच्या शुक्रवारी सांगितलं, अतालांता तीन-शून्यने जिंकून फायनलला पोचली त्या सकाळी.

"मला पुण्यात नोकरी मिळाली आहे. टीम लीड. इथे तीन वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगच करतेय… हे मला हवं होतं, रुचिर. एकतीस मेला निघेन."

त्याने चमचा बशीत ठेवला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "छान. अभिनंदन."

एवढंच. पुढे सामानाचं, वर्क पास रद्द करण्याचं, फ्लॅटच्या डिपॉझिटचं बोलत राहिला, मदत करतो म्हणाला. बसमध्ये बसल्यावर अनुयाला रडूही आलं आणि रागही. दार राखतोय मेला, ती मनात म्हणाली. नव्वद मिनिटं नुसतं दार राखतोय.

फायनल बुधवारी डब्लिनला होती. इथे गुरुवारची पहाट. रुचिरने नेहमीप्रमाणे फोन लॉकरमध्ये टाकला. अनुयाने दिवसभराची रजा घेतली आणि फोन बंद करून, खाली बघत, पेपरच्या स्टॉलसमोरून तर जवळजवळ पळतच ती फूड सेंटरला आली. अंकलना निकाल माहीत होता. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून बिचाऱ्यांनी कॉफी पाठमोरं उभं राहून दिली.

समोरची जर्मन टीम सलग एक्कावन्न सामने हरलेली नव्हती. बाराव्या मिनिटाला अतालांताने पहिला गोल केला. सव्विसाव्याला दुसरा. रुचिर टोस्टला शिवलाही नाही. पंचाहत्तराव्या मिनिटाला तिसरा झाला तेव्हा अनुया खुर्चीवरून उठून ओरडली. आजूबाजूच्या आज्यांनी वळून पाहिलं. रुचिर मात्र बसूनच होता, दोन्ही हात तोंडावर धरून, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"एकशे सोळा वर्षांचा क्लब आहे," तो म्हणाला. "युरोपातला पहिला कप. आणि ते नाहीत."

"आजींना फोन कर."

"चार वर्षांनी? काय म्हणू?"

"हॅलो म्हण. पुढचं त्या बोलतील."

तिथे मध्यरात्र उलटलेली होती. थांबावं लागणार होतं. दोघं ईस्ट कोस्टला गेली, समुद्राकाठच्या एका छपराखाली बाकावर बसली. दूरवर नांगरलेली जहाजं, सायकलवरून जाणारी पोरं. रात्रभर जागलेला रुचिर बोलता बोलता पेंगला आणि त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. त्याच्या केसांना ग्रीसचा आणि साबणाचा वास होता. अनुया दीड तास हलली नाही. खांद्याला मुंग्या आल्या, पाण्याची बाटली हाताच्या टप्प्याबाहेर होती, तरी नाही. आठ दिवसांनी आपण जाणार… हे तिने त्या दीड तासात शंभरदा मनाशी म्हटलं असेल.

तीन वाजता तिने त्याला उठवलं. बर्गामोला सकाळचे नऊ झाले होते.

तीन रिंगा. मग एक म्हातारा, खरखरीत आवाज. रुचिरने आपलं नाव सांगितलं, आणि पलीकडे जे सुरू झालं ते अनुयाला भाषा न येताही समजलं. आजी रागावत होत्या. खूप, मनापासून, चार वर्षांचं एकदम. रुचिर मान खाली घालून "सी, सी" म्हणत होता. मग त्याने अडखळत काहीतरी विचारलं. पलीकडे आजी एकदम हसल्या. बोलत राहिल्या. रुचिरचा चेहरा बदलत गेला, जसा लहान मुलाचा बदलतो.

त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"आजोबांनी त्या रात्री सगळ्या मित्रांना सांगितलं म्हणे. हसत हसत. 'पोराने माझा फोन आपटला! निकाल ऐकायचा नाही त्याला. मॅच बघायची आहे. मी घडवलाय तो.'" त्याचा आवाज फुटला. "ते खूश होते, अनुया. मी चार वर्षं उगाच…"

तिने त्याच्या पाठीवर हात फिरवला. थोड्या वेळाने विचारलं, "आणि शेवटी इतकं काय लाजत होतास?"

"त्यांनी विचारलं, फोन करायला कुणी लावलं. म्हटलं, एक मुलगी आहे. त्या म्हणाल्या, ती मुलगी कोण? मी म्हटलं…" तो थांबला.

"काय म्हटलंस?"

"म्हटलं, अजून तिलाच सांगितलेलं नाही, तर तुम्हाला आधी कसं सांगू?"

वारा सुटला होता. अनुयाचे केस तोंडावर येत होते. ते बाजूला करायचंही तिला भान नव्हतं.

"पुण्याला जाऊ नको असं मी म्हणणार नाही," रुचिर म्हणाला. आता तो तिच्याकडेच बघत होता. "ती नोकरी तुला हवी आहे, आणि तू ती घ्यायलाच हवीस. म्हणून मी त्या दिवशी गप्प बसलो. वाटलं, बोललो तर तुझ्या वाटेत येईन. पण न बोलता तुला विमानात बसवलं, तर मी पुन्हा चार वर्षं बसेन असाच." त्याने श्वास घेतला. "मला तू आवडतेस. मित्र म्हणून नाही. खूप आवडतेस. जूनच्या शेवटी मला दोन आठवडे सुट्टी आहे. मी पुण्याला येतो. आई-बाबा तिथेच आहेत, पण खरं म्हणजे तुझ्यासाठी येतो. पुढचं… पुढचं दोघांनी मिळून ठरवू. चालेल?"

अनुयाला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते, आणि दोन्ही एकदम आवरणं जमत नव्हतं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं." तिने त्याच्या युनिफॉर्मची बाही घट्ट धरली. "सगळं आलं. तरी सांग."

त्याने सांगितलं.