होडी डोंगरावर कशी गेली?

खारवेळ बंदरातली ‘सोबती’ ही बिनखलाशाची होडी धक्क्याला दोरखंडाने बांधलेली होती. केतकीला ती समोर दिसत होती. होडीवरच्या पडद्यातल्या नकाशात मात्र ‘सोबती’ बंदरामागच्या डोंगरावर, आंब्याच्या बागेत उभी होती.

“हिला कैऱ्या खायच्या असतील,” केतकी म्हणाली.

सायलीआत्या हसली नाही. समुद्रात कुणी आजारी पडलं तर आपली आपण जाऊन औषध पोचवणारी ही होडी तिने तीन वर्षं खपून बनवली होती. चार वाजता मच्छीमार सोसायटीचे हसूरामआजोबा तिची परीक्षा घेणार होते. होडी नापास झाली की शहरातल्या प्रयोगशाळेत परत जाणार होती आणि तिच्याबरोबर आत्याही. नेमकं तेच केतकीला नको होतं.

“नकाशा नुसतं उत्तर सांगतो. आपण त्याची आकडेमोड बघू,” आत्या म्हणाली. तिने रिसीव्हरला (उपग्रहांचे संदेश पकडणाऱ्या यंत्राला) लॅपटॉप जोडला आणि टर्मिनल (हुकूम टंकून संगणकाशी बोलायचा काळा पडदा) उघडला. एका ओळीचा हुकूम देताच पडद्यावर भराभर ओळी उमटल्या. प्रत्येक ओळ एका उपग्रहाची होती: तो आकाशात कुठे आहे, त्याचा संदेश किती जोरात येतोय आणि रिसीव्हर तो वापरतोय की नाही. ओळी अकरा होत्या, पण वापरात तीनच.

“तीन पुरत नाहीत?”

“उपग्रह सांगतो, मी अमुक वेळी संदेश सोडला. तो पोचायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघतं. पण आपल्या यंत्राचं घड्याळ पडलं साधंसुधं. ते सेकंदाच्या हजाराव्या भागाने चुकलं, तरी अंतर तीनशे किलोमीटरने चुकतं.”

केतकीने बोटं मोजली. “पूर्व-पश्चिम किती, उत्तर-दक्षिण किती, उंची किती, आणि घड्याळ किती चुकलंय. चार गोष्टी माहीत नाहीत.”

“म्हणून उपग्रहही किमान चार हवेत. तीनच मिळाले की हे यंत्र उंची मनानेच धरतं, आणि तो अंदाज फसला की होडी डोंगर चढते.”

मग आत्याने संदेशाच्या जोराच्या आकड्यांवर बोट ठेवलं. उघड्या आकाशाखाली बरेचसे चाळिशीच्या आसपास हवे होते. इथे विशी गाठतानाही मारामार. “एखादाच मंद असता, तर त्याच्या वाटेत काही आडवं आलंय म्हटलं असतं. अकराच्या अकरा मंद, म्हणजे घोळ आपल्याकडेच आहे. अँटेनापाशी.”

केतकीची नजर डोलकाठीच्या टोकावरच्या अँटेनाकडे गेली. रविवारी सगळ्या होड्यांची रंगरंगोटी झाली होती. बाबांच्या होडीला लावून थोडा चंदेरी रंग उरला, आणि ‘सोबती’ बिचारी बोडकी दिसते म्हणून केतकीने डोलकाठीवर चढून अँटेनाच्या पांढऱ्या टोपीला दोन हात मारले. गप्प बसली असती तर कोणी रंगवली ते कधी कळलंही नसतं.

“टोपीला रंग मी लावलाय, आत्या,” ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

आत्याला राग आला होता, तो लपत नव्हता. तरी ती म्हणाली, “चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची भुकटी असते, आणि धातू रेडिओलहरी अडवतो. पण मीही दोन दिवस परीक्षेच्या तयारीत पडद्यात डोकं खुपसून बसले, मान वर करून टोपीकडे पाहिलं नाही. जा, रंग काढायला थिनर आण.”

आत्या डोलकाठीवर चढून टोपी घासत होती आणि केतकी खालून एका उपग्रहाचे आकडे वाचत होती. अठरा. सव्वीस. एकोणचाळीस. चव्वेचाळीस. आता वापरात नऊ उपग्रह होते, आणि नकाशातली होडी बागेतून धक्क्यापाशी आली होती.

चार वाजता आलेल्या हसूरामआजोबांनी थिनरचा वास येताच विचारलं, “बिघडलं काय होतं?” केतकीने स्वतःचा पराक्रम धरून सगळं सांगितलं, स्वतः हुकूम टंकून ओळी दाखवल्या.

“आम्ही देवळाचा कळस आणि डोंगराचं टोक एका रेषेत धरून घर गाठायचो,” आजोबा म्हणाले. “तुमच्या खुणा आभाळात, एवढंच.”

‘सोबती’ दूरच्या तरंगत्या पिंपाला वळसा घालून एकटीच परत आली आणि धक्क्यापासून हातभर अंतरावर थांबली.

“होडी ठेवू,” आजोबा म्हणाले. “पण रोज सकाळी ती सोडण्याआधी आकडे ही पोर वाचेल. जी स्वतःची चूक सांगते, तिने सांगितलेल्या आकड्यांवर आमची समुद्रातली माणसं विसंबतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीने सगळे आकडे मोठ्याने वाचले, आणि मग आत्याने दोर सोडला.