पाठ हिरवी, पोट पांढरं

कळमनुरीच्या आठवडी बाजारात एक तरणा पोरगा नेलपॉलिशच्या बाटल्या उन्हात धरून न्याहाळत उभा होता, आणि समोर बसलेल्या सुकन्याला हसू आवरत नव्हतं. आईचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान तीच सांभाळायची. नेलपॉलिश घ्यायला पोरं यायची, नाही असं नाही. पण ती हाताला लागेल ती बाटली खिशात कोंबून पसार व्हायची. हा मात्र चमकी वर तरंगते की तळाशी बसते, ते निवांत पाहत होता.

"कोणासाठी पाहिजे?" तिने मुद्दाम विचारलं. "गोरी हाय का सावळी, ते सांगा. मग मी काढून देते."

"पाठ हिरवी, पोट पांढरं," तो म्हणाला.

सुकन्याचा हात बाटल्यांवरच थांबला. मग त्याने पिशवीतून बोटाएवढा रबरी मासा काढून तिच्या पुढ्यात ठेवला. लिबलिबीत, शेपटी जराशा धक्क्यानेही वळवळणारी. याचे डोळे रंगवायचे होते म्हणे.

तो शिवहार. इसापूरच्या धरणावर नांदेडकडची हौशी माणसं गळ टाकायला यायची आणि आमिष म्हणून लावलेले, मरळ माशाने चावून फाडलेले रबरी मासे काठावरच टाकून जायची. शिवहार ते तुकडे वेचून आणायचा, घरी वितळवायचा आणि प्लास्टरच्या साच्यात ओतून नवे मासे करायचा. त्याच माणसांना विकायचा. हे सगळं त्याने तिला असं रंगवून सांगितलं की गिऱ्हाईक दोनदा हाका मारून निघून गेलं.

त्यानंतर दर बाजाराला त्याची चमकी संपलेली असायची. एवढी चमकी मासे खातात की काय, असं सुकन्याने एकदा विचारलंही. तो नुसता हसला, खाली बघत... आणि तिचा उरलेला दिवस वाया गेला. माप चुकलं, सुटे पैसे चुकले, एका बाईला तिने दोन्ही हातांत वेगवेगळ्या रंगाच्या बांगड्या भरल्या. तो काही बोलेल म्हणून ती वाट पाहायची. तो बोलायचा ते रंगाबद्दल. भलतंच सावकाश माणूस होतं ते.

पुढे पुढे चमकी पोचवायच्या निमित्ताने तीच त्याच्या घरी जाऊ लागली. अंगणात लिंबाखाली त्याचा स्टोव्ह असायचा आणि बाजेवर त्याची आई, नानीबाई, तांदूळ निवडत बसलेली असायची. वितळलेल्या रबराचा वास नाकात जाऊ नये म्हणून सुकन्या ओढणी तोंडाला लावून बसायची आणि त्याचे हात पाहायची. साच्यात आधी हिरवा ओतायचा, ती पाठ. त्यावर पांढरा, ते पोट. हिरवा पार थंड होईपर्यंत शिवहार पांढऱ्याला हात लावत नसे. घाई केली की रंग एकमेकांत उतरतात, म्हणायचा. त्याचे मासे दिसायला देखणे होते खरे, पण मरळीने ओढ दिली की पाठ गळाला राहायची आणि पोट मरळ घेऊन जायची. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली होती.

त्या शनिवारी सुकन्या आली ती चमकी विसरूनच. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. अंगणात ती धड बसेना, धड उभी राहीना. शिवहारने नुकताच हिरवा ओतला होता.

"उद्या जवळा बाजार गावचे पावणे येऊन राहिले," ती शेवटी म्हणाली. "मला पाहायला. बाबांना पोरगं पसंत हाय."

त्याचा चेहरा उतरला. तो साच्याकडे बघत राहिला.

"थांब जरा," तो म्हणाला. "हे बसू दे."

एवढंच. सुकन्याच्या अंगाचा तिळपापड झाला. स्टोव्हवरचं पांढऱ्याचं भांडं तिने सांडशीने उचललं आणि हिरव्यावरून वाफ निघत असतानाच वर ओतून दिलं. दोन रंगांमधली रेघ वेडीवाकडी झाली. नानीबाईचा तांदळातला हात थांबला.

आपण काय करून बसलो, हे सुकन्याला मग कळलं. ती मान खाली घालून उभी राहिली. मासा निवल्यावर शिवहारने तो साच्यातून काढला, आणि पुन्हा वितळवायला फाडायचा म्हणून ओढला. फाटला नाही. जोर लावून ओढला. शेपटी लांबली, पाठ ताणली गेली, पण पोट काही सुटलं नाही.

"दोन्ही गरम असल्याबिगर जुडत न्हाईत," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "मी उगंच थांबून राहिलो होतो."

मग मासा हातात तसाच धरून त्याने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच इतकं सरळ.

"मला वाटायचं, धंदा जरा बसू दे, मग तुझ्या बाबापुढं जाऊ. घाईनं इचारलं अन् न्हाई म्हणले तर... तू मला लई आवडतेस, सुकन्या. त्या नेलपॉलिशच्या दिवसापासून."

"अन् आजवर हे माशांना सांगत बसले व्हय?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

नानीबाईने सदरा तरी बदल म्हटलं, पण तो चपला घालून निघालाही होता. सुकन्याला त्याच्याबरोबर चालताना धाप लागत होती. हा माणूस इतक्या भरभर चालू शकतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिचे वडील, ज्ञानबा, शेळ्यांना पाला टाकत होते. शिवहारने दारातच सांगून टाकलं की सुकन्याशी लग्न करायचं आहे, आणि उद्याच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणावं. ज्ञानबांनी हातातला पाला टाकला. शिवहारचे हिरवे-पांढरे डाग पडलेले हात पाहिले, मग लेकीचं तोंड पाहिलं.

"तिला इचारलं का?" ते म्हणाले.

शिवहार गडबडला. आवडतेस म्हणाला होता, पण विचारायचं राहूनच गेलं होतं. तो वळला आणि बापासमोर, शेळ्यांसमोर, कुंपणापलीकडून डोकावणाऱ्या शेजारच्या शालूबाईसमोर त्याने विचारलं, "माझ्यासंगं राहशील का?"

इतके महिने जिच्या जिवाला चैन नव्हती, ती सुकन्या आता गप्प उभी राहिली. तिने सावकाश केस मागे सारले. पायाशी आलेल्या करडाला थोपटलं. शिवहारच्या कपाळावर घाम आला, त्याने एकदा ज्ञानबांकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि शेवटी त्याला राहवेना.

"सुकन्या, बोल की आता..."

"व्हय," ती म्हणाली.